माजी विद्यार्थी : हजेरीपटाबाहेरचा इतिहास

'गॅदरिंग' हा शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे, की त्याच्या मुळाशी 'जमणे' हे साधे क्रियापद आहे याची कुणाला आठवण राहिलेली नाही. आज गॅदरिंग म्हटले की मंडप, कर्कश ध्वनिक्षेपक, शेलापागोटी आणि प्राचार्यांचे कुणीही न ऐकलेले भाषण एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत 'सोशल गॅदरिंग' रूढ झाले, तेव्हा शिकत असलेल्यांच्या बरोबरीने शिकून गेलेलेही त्यात येत. वकिली करणारा, सरकारी नोकरीत शिरलेला, वर्तमानपत्र चालवणारा माणूस एका संध्याकाळपुरता आपल्या जुन्या प्राध्यापकांसमोर येऊन बसे. पुढे शिकून गेलेले त्यातून हळूहळू गळाले, समारंभ शिकणाऱ्यांचाच उरला, आणि गळालेल्यांसाठी 'माजी विद्यार्थी मेळावा' नावाचा निराळा प्रपंच उभा राहिला.

'माजी' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा अर्थ 'होऊन गेलेला, भूतकाळातला'. 'हजेरी'ही त्याच वाटेने आली. आमदार माजी होतो, सैनिक माजी होतो. त्यांचे पद जाते, म्हणून ते माजी. विद्यार्थी असणे हे पद आहे काय, आणि ते पदवीच्या कागदाबरोबर संपते काय? जो माजी झाला तो पुन्हा महाविद्यालयाच्या फाटकातून आत येतो, तेव्हा कोणत्या नात्याने येतो? पाहुणा म्हणून, देणगीदार म्हणून, की ज्याचा त्या वास्तूवर काही हक्क आहे असा माणूस म्हणून? आम्हाला वाटते, महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे मिळतात, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आपल्या वाट्याला आलेले उत्तर नीट कळत नाही.

सर्वांत ठाम उत्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी दिले. १८२१ साली दक्षिणा फंडातून सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, तिचे १८५१ मधले पूना कॉलेज, १८६४ मधले डेक्कन कॉलेज आणि १८६८ पासूनची येरवड्याची दगडी इमारत ही परंपरा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. चिपळूणकर, टिळक, आगरकर तेथले. टिळकांची वसतिगृहातली खोली अजून जपून ठेवलेली आहे आणि पाहायला जाणारे तीच पाहून परततात. त्या मानाने १९३४ सालाची कुणी आठवण काढत नाही. त्या वर्षी मुंबई सरकारने काटकसरीचे कारण पुढे करून हे महाविद्यालय बंद केले. सभा भरवून निषेधाचे ठराव करणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. माजी विद्यार्थ्यांचा संघ तेवढ्यावर न थांबता थेट न्यायालयात गेला. महाविद्यालयासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी देणगी दिलेली होती. दान एका हेतूने स्वीकारायचे आणि पुढे तो हेतूच मोडून टाकायचा, हे सरकारला करता येते काय, असा तो वाद होता. १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, ती पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून. सांकलिया, इरावती कर्वे, कत्रे ही नावे त्या उघडलेल्या दारातून आत आलेली आहेत. मराठी प्रदेशातल्या पुरातत्त्वाचा आणि भाषाविज्ञानाचा पुढला अर्धा इतिहास काही माजी विद्यार्थ्यांच्या हट्टामुळे घडला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

येथे एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. ज्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी वकील, संपादक आणि संस्थानांचे कारभारी असतात, त्याच महाविद्यालयाला असा हट्ट परवडतो. ज्याचे माजी विद्यार्थी मिरचीचे वाफे राखतात, किराणा दुकान चालवतात किंवा एखाद्या खाजगी शाळेत विनाअनुदानित तुकडीवर राबतात, त्या महाविद्यालयाने काय करावे?

हा प्रश्न आमच्या बाजूचा आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. दोन्ही आरंभी कलकत्ता विद्यापीठाला व पुढे अलाहाबादला जोडलेली. म्हणजे नागपूरच्या पोराची उत्तरपत्रिका दोन पिढ्या परमुलखात तपासली जात होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्याकडे ६ महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. २०२३ मध्ये या विद्यापीठाची शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या ९२७ जणांत खेड्यातले किती, हे कुणी मोजले असल्यास आमच्या वाचनात आलेले नाही. पण तो काळ कसा होता, याचा अंदाज वि. भि. कोलत्यांच्या 'अजुनी चालतोंचि वाट' या आत्मचरित्रावरून येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेल गावचा मुलगा मॉरिस महाविद्यालयात शिकतो, महानुभाव वाङ्मयाचा अधिकारी अभ्यासक होतो आणि १९६६ मध्ये त्याच विद्यापीठाचा कुलगुरू होतो. माजी विद्यार्थ्याने परतण्याची याहून देखणी रीत नसेल. अडचण इतकीच, की अशी परत एखाद्याच्याच वाट्याला येते आणि संस्थांच्या स्मरणिकांत तिचेच छायाचित्र छापले जाते.

आम्ही तिघे, जे हा लेख लिहीत आहोत, भिवापूर तालुक्यातले. नागपूरच्या दक्षिण-पूर्वेला उमरेडच्या पुढे भिवापूर लागते. तिखट, लालभडक भिवापुरी मिरचीमुळे हे नाव बाहेर पोहोचले आणि पुढे त्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतवारीहून नागभीडकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी रेल्वे या गावावरून जात असे. १९०८ साली सुरू झालेला हा मार्ग, रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. तालुक्यातल्या कितीतरी पोरांनी शिक्षण घेतले ते या गाडीच्या वेळापत्रकावर. गाडी उशिरा आली तर पहिला तास बुडे. दुसऱ्या तासाला जाऊन बसले की प्राध्यापक काही न विचारता हजेरी लावत, कारण गाडी त्यांच्याही कानावर पडलेली असे. रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. विकासाच्या विरोधात आमचे काही म्हणणे नाही, रुंद रूळ हवेतच. पण खेड्यातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांनी विद्यापीठाच्या वार्षिक अहवालांइतकेच रेल्वेच्या मासिक पासाकडे लक्ष द्यावे, एवढे सुचवावेसे वाटते.

आम्ही त्या मार्गावरच्या एका महाविद्यालयातून २००० साली बी. ए. झालो आणि पुढे नागपूरला मराठी घेऊन एम. ए. केले. २०२५ मध्ये आमच्या तुकडीला पंचवीस वर्षे झाली आणि रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा ठरला. आम्ही प्राध्यापकी करणारे, म्हणून निमंत्रितांची यादी तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. मोबाइलवरच्या समूहात तेवढी नावे होतीच. परंतु समूहात असणे आणि तुकडीत असणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे ध्यानात आल्यावर आम्ही कार्यालयातून जुनी प्रवेशनोंदवही मागून घेतली. शेवटच्या वर्षाला १०३ नावे होती. समूहात होती ३८.

उरलेल्या ६५ जणांचा शोध घेताना आम्हाला जे दिसले, त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

नोंदवहीत नावापुढे 'मुक्काम' असा रकाना होता. त्यातली काही गावे आज त्या जागी नाहीत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांच्या गावांत 'आपले गाव बुडणार' ही बातमी जुनी झालेली होती आणि पाणी अजून यायचे होते. पुढे कुही व भिवापूर तालुक्यांतली आणि पलीकडे भंडारा जिल्ह्यातली अनेक गावे उठली. (याच जलाशयाच्या काठी कुही तालुक्यातले आंभोरे आहे. मुकुंदराजाने 'विवेकसिंधु' तेथे लिहिला की अंबाजोगाईला, हा वाद आपल्या अभ्यासकांनी पिढ्यान्पिढ्या घातला. आसपासची गावे पाण्याखाली जाताना मात्र मराठी विभागांतून फारसा आवाज उठल्याचे आम्हाला स्मरत नाही.) गाव उठले की पत्ता बदलतो, एवढ्यावर ते थांबत नाही. पुनर्वसनात भावकी विखुरते, आणि 'अमक्याचा मुलगा हल्ली कुठे असतो?' हे विचारायला पारावर कुणी उरत नाही. अशा ११ जणांपैकी आम्हाला ४ सापडले. त्यातला एक नागपुरात रिक्षा चालवतो. दूरध्वनीवर त्याने आधी विचारले, 'वर्गणी किती आहे?' आणि मग, आमच्या उत्तराची वाट न पाहता, 'मी बी. ए. झालो हे तुमच्या लक्षात आहे का?'

दुसरा मोठा गट मुलींचा. नोंदवहीत त्यांची माहेरची आडनावे होती. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मधली आपल्या संस्कृत शिक्षणाची हकीकत पुष्कळांनी अभ्यासक्रमात वाचलेली असेल. नोकरी मिळाली ती सोमकुंवर या माहेरच्या नावाला नाही, पावडे या सासरच्या नावाला, ही तिच्यातली बोच प्रत्येक वाचकाला लागते. जातीमुळे त्या अनुभवाची धार निराळी आहे आणि तिच्याशी आमच्या शोधाची बरोबरी आम्ही करणार नाही. परंतु पदवी एका नावाची आणि आयुष्य दुसऱ्या नावाचे, हा पेच ती नोंदवही चाळताना पानोपानी दिसत होता. मिरचीच्या हंगामात सातऱ्यावर देठ खुडायला जाणाऱ्या, आठवड्यात दोनच दिवस वर्गात दिसणाऱ्या आणि तरीही द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुली या यादीत होत्या. काहींच्या भावांनी क्रमांक दिला, काहींच्या भावांनी 'काय काम आहे?' असे विचारून फोन ठेवला. ज्या ९ जणी मेळाव्याला आल्या त्यांतल्या एकीने आपली गुणपत्रिका बरोबर आणली होती. घरात ती दाखवण्याचा प्रसंग पंचवीस वर्षांत आला नव्हता, असे ती हसत म्हणाली.

मेळावा चांगला झाला. भोजन, सत्कार, जुन्या प्राध्यापकांची भाषणे, एकमेकांच्या टकलांवर विनोद, सर्व काही रीतसर. एक नवी गोष्ट तेवढी होती. कार्यक्रम संपताना महाविद्यालयाच्या एका तरुण सहकाऱ्याने सर्वांना फलकापाशी उभे केले, स्थळ-काळाची मोहोर उमटणारे छायाचित्र घेतले आणि एक अर्ज भरून घेतला. 'नॅक'च्या २०१७ पासूनच्या मूल्यांकनचौकटीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला पाचव्या निकषात स्वतंत्र स्थान आणि गुण देण्यात आले. त्यामुळे गावोगावच्या महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ नोंदवले गेले, मेळावे भरू लागले. आम्ही स्वतः आमच्या महाविद्यालयांत असे अर्ज भरून घेत आलो आहोत, तेव्हा त्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. निकष नसता तर कदाचित फाटकही उघडले नसते. पण त्या अर्जातले प्रश्न पाहावेत : सध्याचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, संस्थेला दिलेली देणगी. तुमचे गाव अजून आहे काय, हा प्रश्न त्यात नाही. शिकलेले विसरू नये म्हणून तुम्ही काय करता, हाही नाही. १९३४ चा माजी विद्यार्थी संस्थेला जाब विचारण्याच्या नात्याने उभा होता. आज तो संस्थेच्या प्रगतीचा पुरावा म्हणून उभा केला जातो.

आणि जाब विचारण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या तुकडीत मराठीत एम. ए. झालेले ७ जण. दोघे नेट-सेट होऊनही चाळिशी उलटल्यावर तासिका तत्त्वावर शिकवतात. शैक्षणिक वर्ष संपले की त्यांचे शिक्षकपणही संपते आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यांना आजी म्हणावे की माजी, हे भाषेला अजून ठरवता आलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा त्यांपैकी एकाने आपल्या महाविद्यालयात त्यावर व्याख्यान दिले. त्या तासाचे मानधन पुढल्या मार्चमध्ये मिळाले, हेही त्याने मेळाव्यात सांगितले आणि सगळे हसले.

त्या रात्री आम्ही निघण्यापूर्वी एक ठरले. नोंदवहीतल्या १०३ नावांची एक साधी वही करायची : तेव्हाचे गाव, आताचे गाव, मुलींची दोन्ही नावे, कोणत्या गाडीने येत होतात, शिक्षण कुठे थांबले, कशाने थांबले. छापायची नाही, सत्कारही करायचा नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवायची. आतापर्यंत ५७ नोंदी झाल्या आहेत. चौघे वारले आहेत. त्यांच्या घरच्यांनी सांगितलेले लिहून घेतले. रिक्षावाल्या मित्राने बुडालेल्या गावांतले आणखी दोघे शोधून दिले, आणि 'कशाने थांबले' या रकान्यात स्वतःपुरते लिहिले, 'थांबले नाही. पोरगी बी. ए.ला आहे.'