पनवेलच्या घरातून पवईतलं यंत्र चालवता येतं? रिमोट लॅब म्हणजे काय, समजून घ्या

इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलचं एक चित्र अनेकांच्या ओळखीचं आहे. एका टेबलाभोवती चार-पाच जण. त्यातला एक ऑसिलोस्कोपची बटणं फिरवतो, बाकीचे रीडिंग जर्नलमध्ये उतरवून घेतात. वेळ संपली की लॅबला कुलूप. प्रयोग चुकला तर पुन्हा करून बघायची संधी क्वचितच मिळते.

ही अडचण सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे रिमोट लॅब.

रिमोट लॅब आणि व्हर्च्युअल लॅब एकच का?

नाही. व्हर्च्युअल लॅबमध्ये बहुतेक वेळा सिम्युलेशन असतं. म्हणजे सर्किट स्क्रीनवर असतं आणि उत्तर गणिती सूत्रांवरून येतं. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई अशा संस्थांबरोबर पुण्याचं सीओईपीही सहभागी आहे.

रिमोट लॅबमध्ये उपकरण खरं असतं, फक्त ते दुसऱ्या गावात असतं. इंटरनेटवरून आदेश जातो, तिथे खरोखर वीज वाहते आणि खरं मोजमाप परत येतं.

पवईत काय बनलं?

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ तयार झाली. उपकरण अगदी लहान आहे: धातूची पातळ पट्टी, ती तापवायला हीटर, गार करायला पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा मायक्रोकंट्रोलर.

पनवेलहून पवईला जायचं तर हार्बर लाइनने कुर्ला, तिथून गाडी बदलून कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा किंवा बस. रिमोट लॅबमध्ये हा प्रवास वाचतो. विद्यार्थ्याने वेळ आरक्षित करायची, लॅपटॉपवर सायलॅब हे मोफत सॉफ्टवेअर उघडायचं आणि हीटर-पंख्याला किती जोर द्यायचा ते ठरवायचं. तापमान किती झालं, ते स्क्रीनवर दिसतं. सायलॅब शिकवणारे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत.

तापमानाचाच प्रयोग का?

कारण तापमान सावकाश बदलतं. नेटवर्कमुळे आदेश पोहोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी प्रयोग फारसा बिघडत नाही. वेगाने फिरणाऱ्या मोटरवर दुरून नियंत्रण ठेवायचं असेल, तर हाच उशीर महागात पडू शकतो.

मग सर्किटच्या वायरी कोण जोडणार?

याचं एक उत्तर स्वीडनमध्ये मिळालं. तिथल्या ब्लेकिंगे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘व्हिझर’ ही प्रणाली विकसित झाली. विद्यार्थी स्क्रीनवरच्या ब्रेडबोर्डवर वायर ओढतो आणि प्रयोगशाळेतले रिले खरे रेझिस्टर, कपॅसिटर तसेच जोडतात. वीज सोडण्याआधी सॉफ्टवेअर जोडणी तपासतं. ती धोकादायक असेल तर नकार देतं, त्यामुळे भाग जळत नाहीत. एक मोजमाप क्षणात होत असल्याने एकाच यंत्रावर अनेक जण काम करू शकतात.

सिम्युलेशन असताना खऱ्या यंत्राचा खटाटोप कशाला?

सिम्युलेशनचा आलेख बहुधा गुळगुळीत येतो. खऱ्या यंत्राचा तसा येत नाही. खोलीचं तापमान बदलतं, सेन्सरच्या रीडिंगमध्ये चढउतार होतात, दोन यंत्रं कधीच तंतोतंत सारखी वागत नाहीत. पुस्तकातलं उत्तर आणि हातात आलेलं उत्तर यांत फरक का पडला, हे शोधण्यातच इंजिनिअर घडतो.

मर्यादा काय?

रिमोट लॅबमध्ये सोल्डरिंग शिकता येत नाही. सैल वायर बोटांनी चाचपता येत नाही, तापलेल्या आयसीचा वास येत नाही. जी जोडणी सॉफ्टवेअर नाकारतं, ती चूक करून पाहण्याची संधीही हुकते. शिवाय दूर असलेलं यंत्रही कुणीतरी चालू ठेवावं लागतं. पंखा बंद पडला तर दुरुस्तीला माणूस लागतोच.

म्हणून कॉलेजची लॅब बंद करून तिची जागा रिमोट लॅबला देणं चुकीचं ठरेल. आधी सिम्युलेशनमध्ये सर्किट समजून घ्यायचं, मग रिमोट लॅबमध्ये हवे तितक्या वेळा मोजमाप करायचं आणि कॉलेजच्या टेबलावर ते स्वतः जोडायचं, हा क्रम जास्त उपयोगी आहे. टेबलाभोवती नुसतं उभं राहून रीडिंग उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे स्वतः प्रयोग करण्याची संधी मिळते.