धातुवर्धित अनुस्फुरण

धातूच्या अतिसूक्ष्म कणांच्या सान्निध्यात रेणूचे अनुस्फुरण (शोषलेला प्रकाश अधिक तरंगलांबीच्या रूपात पुन्हा उत्सर्जित होणे) तीव्र होण्याचा आविष्कार. प्रकाश पडला असता सोन्याचांदीच्या पृष्ठभागावरील मुक्त इलेक्ट्रॉन सामुदायिक आंदोलने करतात. त्यांस पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. त्यांच्यामुळे कणालगतचे विद्युत् क्षेत्र प्रबळ होते, रेणू अधिक प्रकाश शोषतो व त्याचे उत्सर्जनही जलद होते.

सोन्याच्या कलिलाचा लाल रंग सूक्ष्म कणांमुळे येतो, असे मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये प्रतिपादिले. गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये त्याची गणिती उपपत्ती मांडली. आरशापासूनच्या अंतराप्रमाणे अनुस्फुरणाचा कालावधी बदलतो, हे के. एच. ड्रेक्सहागे यांनी १९७० च्या सुमारास दाखविले. अंतर हेच येथे निर्णायक असते : रेणू धातूस अगदी भिडला, तर ऊर्जा धातूत उष्णतारूपाने जिरून प्रकाश विझतो, काही नॅनोमीटर दूर राहिला, तर उजळतो. सोन्याच्या कणाजवळील एकेका रेणूवर हे दोन्ही परिणाम २००६ मध्ये मोजले गेले.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच प्रबळ क्षेत्राचा उपयोग रामन प्रकीर्णनासाठी झाला. प्रकाश विझण्याची वरील अडचण या प्रकीर्णनास फारशी बाधत नाही; मात्र त्याचा संकेत एरवी अतिक्षीण असतो. सुदीप्त मैती व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या कणांवर कोशिकापटलासारखा लिपिडांचा थर चढवून, अल्झायमर रोगाशी निगडित अमिलॉइड-बीटा या पदार्थाची पटलातील रचना अभ्यासली (२०१५). क्षेत्र काही नॅनोमीटरांतच विरत असल्याने भोवतालच्या द्रावातील रेणूंचा संकेत दुर्बळ राहतो आणि पटलातील रेणूंचा तेवढा उठून दिसतो.