तेंदूपानातली अमेरिका

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा तलावाच्या बाजूने नागझिऱ्याकडे पसरलेल्या जंगलात साग, ऐन, मोहाबरोबर तेंदूही भरपूर आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपे छाटली की त्यांना कोवळी, रुंद पाने फुटतात. ती तोडायची, घरी आणून पुडकी बांधायची, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची, उन्हात पसरून उलटपालट करायची. मोहफुलांचा हंगाम संपता संपता झाडीपट्टीतली अनेक घरे याच कामाला लागतात. पुढे या पानात जी तंबाखू भरली जाते ती इथली नाही. ती निपाणीहून किंवा गुजरातच्या चरोतरातून येते, आणि तिथेही ती पाहुणीच आहे. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या उतारावर. युरोपीय दर्यावर्दींनी अमेरिकेचे काय केले हा प्रश्न आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापुरता राहतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या मुलखाचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. संबंध आहे आणि तो नुसत्या बियाण्यापुरता नाही. ज्यांनी वस्तू घडवली, राखली, ओळखली, त्यांच्या हातून तिची मालकी काढून घेण्याची जी रीत त्या सफरींनी जगभर रूढ केली, तिचे एक धाकटे रूप तेंदूच्या व्यापारात दिसते, असे माझे म्हणणे आहे.

आधी तंबाखूचेच पाहू. नोव्हेंबर 1492 मध्ये कोलंबसाने क्युबाच्या आतल्या भागात दोन माणसे पाठवली: रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस. आपण आशियात पोहोचलो आहोत अशी कोलंबसाची खात्री होती, म्हणून अरबी जाणणारा तोरेस दुभाष्या म्हणून निवडलेला. मोठ्या खानाचा दरबार काही त्यांना सापडला नाही. सापडले ते ताइनो लोकांचे गाव, आणि वाटेत हातात धुमसती गुंडाळी धरून चालणारे स्त्री-पुरुष. वाळलेली पाने दुसऱ्या एका वाळल्या पानात गुंडाळलेली, एक टोक पेटवलेले, दुसऱ्या टोकाने धूर आत ओढायचा. बिडी वळणाऱ्या बाईला हे वर्णन ऐकवले तर तिला काही समजावून सांगावे लागणार नाही. तेंदूचे पान भिजवून नरम करायचे, फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातला चिमूटभर जर्दा त्यात पसरायचा, बोटांनी वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि तोंड दुमडायचे. क्युबाची रीत इथवर कोणी आणली असे मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण कागदी सिगारेटपेक्षा बिडी ही ताइनोंच्या गुंडाळीला कितीतरी जवळची आहे, हे उघड आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: धूर ओढणे आपल्याकडे आधीपासून होतेच, चरकसंहितेत धूमवर्ती आहे. आहेच. पण तिच्यात औषधी द्रव्ये आहेत, तंबाखू नाही. उलट धूर ओढण्याची ओळख जुनी होती म्हणूनच नवे पान इतक्या लवकर रुळले असावे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, आणि शंभर वर्षे व्हायच्या आत तंबाखू विजापुरात इतकी रुळली होती की अकबराचा वकील असदबेग 1604 च्या सुमारास ती तिथून नवलाची चीज म्हणून मोगल दरबारी घेऊन गेला. 1617 मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदीचा परिणाम काय झाला हे सांगायला नको. मक्याबद्दलही असाच वाद घातला जातो. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मंदिरावर मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, असे म्हणतात. शिल्पातला आकार कोणी कसाही वाचू शकतो. उत्खननात सापडलेली कणसे मात्र मेक्सिकोत ओआहाकाच्या गुहेत आहेत आणि ती सहा हजार वर्षांहून जुनी आहेत. मका, मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू ही दर्यावर्दींची देणगी नव्हे. मेक्सिको आणि अँडीजमधल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवडून, पेरून, पुन्हा निवडून ती घडवली. जहाजांनी केली ती वाहतूक. तरी आपण अजून 'पोर्तुगीजांनी मिरची दिली' असेच म्हणतो. हमालाला कर्ता ठरवण्यासारखे आहे हे.

आणि ज्यांनी घडवले त्यांचे काय झाले? हिस्पॅनिओला बेटावर स्पेनने वाटणीची पद्धत लावली: अमुक वसाहतवाल्याच्या वाट्याला अमुक गावे आणि तिथल्या माणसांची मेहनत. 1503 मध्ये तिला राजाज्ञेचा आधार मिळाला. स्वतःच्या जमिनीवर ताइनो वेठीचे मजूर झाले. 1518 च्या अखेरीस तिथे देवी आल्या. 1520 मध्ये त्या मेक्सिकोत पोहोचल्या, अ‍ॅझ्टेकांचा राजा क्वित्लावाक त्यांतच गेला, आणि 13 ऑगस्ट 1521 रोजी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. पुढे 1545 आणि 1576 मध्ये तिथे आणखी भयंकर साथी आल्या. शंभर वर्षांत मध्य मेक्सिकोतली मूळ वस्ती बऱ्याच अभ्यासकांच्या अंदाजाने नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. त्यांचे पान मात्र जगले, वाढले आणि विकले गेले. ताइनोंकडे विधी, उपचार आणि पाहुणचारात वापरले जाणारे हे पान 1612 नंतर जॉन रॉल्फ या इंग्रज वसाहतवाल्याच्या हातून व्हर्जिनियात नगदी पीक झाले. 1619 पासून तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उतरू लागली, आणि पुढे तंबाखूचे मळे त्यांच्याच गुलामीवर चालले. तंबाखूने जगाचे नुकसान केले म्हणून तिचे श्रेय कशाला मोजायचे, असे कोणी विचारील. पण पान ओळखणे हे एकाचे काम, आणि त्याचा दिवसरात्र ओढायचा माल करणे दुसऱ्याचे. दोन्ही एकाच खात्यावर मांडता येत नाहीत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. अमेरिकेची गोष्ट गोंदियाला लावणे ओढूनताणून आहे, तिथे संस्कृती बुडाल्या, इथे गोंड आजही आहेत. बरोबर आहे, आणि हा फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. तेनोच्तित्लान पडले त्या शतकात गढा-मंडल्याचे गोंड राज्य ऐन भरात होते. राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढता लढता गेली, पण गोंड सत्ता त्यानंतरही टिकली. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, आणि 1751 मध्ये चांद्याचे गोंड राज्य घेतले ते रघूजी भोसल्यांनी, कुठल्या युरोपीय सरदाराने नव्हे. याचे कारण गोंड अ‍ॅझ्टेकांहून शूर होते, असे नाही. देवी, गोवर हे रोग भारतात शतकानुशतके होतेच. वाचलेल्यांच्या अंगात प्रतिकार होता. युरोपीयांजवळ तोफा दोन्हीकडे होत्या. साथीची साथ फक्त एका किनाऱ्यावर मिळाली. म्हणून गोव्याच्या जहाजांना घाट चढता आला नाही आणि तंबाखू, मिरची इथवर आली ती कोणाची सत्ता बरोबर न घेता. तेव्हा संहाराच्या बाबतीत तुलना होऊच शकत नाही, करूही नये.

मालकीच्या बाबतीत मात्र ती होते. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. 1878 च्या जंगल कायद्याने राखीव वने आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरणारा माणूस सवलतीने आत येणारा ठरला. या भागातली बरीच जंगले जमीनदार-मालगुजारांकडे होती. ती 1951 नंतर सरकारकडे गेली. मधल्या काळात बंगाल-नागपूर रेल्वेमुळे गोंदिया जंक्शन झाले, स्वदेशीच्या लाटेत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, आणि गुजरातहून आलेल्या पटेल व्यापाऱ्यांनी इथल्या तेंदूवर बिडीचे मोठे कारखाने उभे केले. छोटाभाई जेठाभाई यांची पेढी झाली. मनोहरभाई पटेलांनी बिडीच्या धंद्यातून वर येऊन 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली, आणि जिल्ह्यात उच्च शिक्षण उभे राहिले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण बिडीला कोणत्या झाडाचे पान लागते, ते केव्हा छाटायचे, किती कोवळे तोडायचे, कसे वाळवले की चिरत नाही, हे ज्यांच्या हातात होते त्यांना या धंद्यात मोबदला मिळाला तो पुडक्यांच्या मोजणीवर. पान कधी मालगुजाराचे, कधी ठेकेदाराचे आणि 1969 च्या महाराष्ट्र वनोपज कायद्यानंतर सरकारी नियंत्रणातले. तोडणाऱ्याचे ते कधीच नव्हते. सरकारी नियंत्रण ठेकेदाराच्या लुटीला आळा घालण्यासाठीच आले, असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. दर ठरले, पुढे बोनसही मिळू लागला, पण मजुराचा मालक काही झाला नाही.

तो व्हायची कायदेशीर वाट निघाली 2006 मध्ये. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनवासींना दिली आणि त्या यादीत तेंदूपानाचे नाव स्पष्ट लिहिले. 2013 पासून गडचिरोली आणि गोंदियातल्या काही ग्रामसभांनी आपली पाने स्वतः लिलावात विकली. ताइनोंना अशी यादी कधी मिळाली नाही. त्यांचे वंशज आज कॅरिबियन बेटांवर आपण अजून आहोत, एवढेच सिद्ध करण्यासाठी झगडत आहेत. आणि या जिल्ह्यात जिथे सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेला नाही, तिथली पाने अजूनही वनविभागाच्या लिलावातूनच जातात.