पुणे : उंचावरून दिसणारे नदीकाठचे शहर

पुणे हे मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले शहर. संगमानंतर मुळा-मुठा या जोडनावाने वाहणारी नदी पुढे भीमेला मिळते. शहर नदीकाठचे असले तरी पेठांतून हिंडणाऱ्याला नदी सहसा दिसत नाही. पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना नजर जाते तेवढीच. नदी आणि शहर एका दृष्टिक्षेपात पाहायचे तर टेकडी चढावी लागते, आणि टेकड्यांच्या बाबतीत पुण्याचे नशीब थोर आहे.

पहिला मान पर्वतीचा. १०३ पायऱ्या चढून गेल्यावर देवदेवेश्वराचे मंदिर लागते. ते नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. पानिपतचा घाव जिव्हारी लागलेल्या नानासाहेबांचा मृत्यूही १७६१ च्या जूनमध्ये इथेच झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांविरुद्धची खडकीची लढाई पर्वतीवरूनच पाहिली. आज उत्तरेकडच्या कठड्याशी उभे राहिले की आधी पायथ्याची सारसबाग दिसते. तिथल्या गणपतीला पुणेकर अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण बागेच्या जागी नानासाहेबांच्या काळातले विस्तीर्ण तळे होते. तळे आटले, नाव टिकले. बागेपलीकडे जुन्या पेठांची दाटी, तिच्या कडेने मुठेचे वळण आणि त्याही पल्याड खडकीचा भाग. १८१७ चा रणसंग्राम इतक्या लांबून कितपत दिसला असेल, याचा अंदाज इथे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनीच घ्यावा.

पर्वतीच्या दक्षिणेला सहकारनगर पसरले आहे आणि तेही नदीच्याच कथेचा भाग आहे. १२ जुलै १९६१ रोजी आधी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले. मुठेचे पाणी शनिवार, नारायण या पेठांत शिरले आणि मातीचे वाडे बसत गेले. घरे गमावलेल्या पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत लोकमान्यनगर, गोखलेनगर आणि सहकारनगर होते. यांपैकी गोखलेनगर आणि सहकारनगर टेकड्यांच्या कुशीत आहेत. पुण्याचा विस्तार वाचायला पर्वतीसारखी दुसरी जागा नाही ती यासाठी: उत्तरेला नदीला चिकटलेले शहर, दक्षिणेला नदीने घराबाहेर काढलेले. उंचावर गेल्याने पाणी सुटले असेही झाले नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगरच्या परिसरातही पाणी घुसले.

नदीशी अधिक सलगी हवी असेल तर डेक्कनचा झेड पूल गाठावा. दुचाकींच्या या वळणदार पुलावर संध्याकाळी कॉलेजची मुले कठड्याला टेकून उभी असतात. खाली, पात्राला जवळजवळ टेकलेला भिडे पूल दिसतो. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडले की आधी हाच पूल बुडतो, आणि ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ ही बातमी पुणेकरांचे खरे पर्जन्यमापक आहे. थोड्याच अंतरावर लकडी पूल आहे. नाव लाकडाचे, बांधकाम आता दगडाचे. गरवारे कॉलेज ते सिव्हिल कोर्ट हा मेट्रोचा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाल्यापासून मुठेचे पात्र लांबलग पाहण्याची नवीच सोय झाली. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांच्या टप्प्यात गाडी पात्राच्या कडेने उंचावरून जाते. खांब नदीपात्रात उभे करू नयेत म्हणून झालेला विरोध रास्त होता. खिडकीतून दिसणारे दृश्य विलोभनीय आहे, हेही खरे.

संगमाजवळ इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. खडकीच्या लढाईच्या दिवशी तो जाळला गेला. आता त्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे आणि विद्यार्थी दरवर्षी तिथे रेगाटा भरवतात. खालच्या अंगाला बंडगार्डनचा बंधारा आणि १८६९ चा दगडी फिट्झगेराल्ड पूल आहे. बंधाऱ्याने अडवलेले संथ पाणी पाहायला हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

महापालिका हद्दीतली सर्वांत उंच जागा म्हणजे सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी. माथ्यावर वेताळाचे देऊळ, जवळ दगडाच्या जुन्या खाणी, झाडीत मोर. एका बाजूला पाषाणचा तलाव, दुसरीकडे विद्यापीठाची हिरवाई आणि चतुःशृंगीचा डोंगर, तिसरीकडे कोथरूडच्या इमारती असे तिथून दिसते. नदी मात्र इमारतींच्या आड गेलेली. मधल्या झाडांच्या रांगेवरून आणि पुलांवरून तिची वाट ओळखावी लागते. बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता टेकडीच्या अंगावरून जाणार असल्याने त्याविरुद्ध नागरिक अनेक वर्षे लढत आहेत. त्यांचा आग्रह सुंदर दृश्यापुरता नाही. पावसाचे पाणी मुरवणारी आणि ओढ्यांना हळूहळू सोडणारी ही जमीन एकदा बांधकामाखाली गेली की तिच्यावर पडलेला पाऊस थेट खालच्या वस्तीत उतरतो.

शहराबाहेर नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर सिंहगड उभा आहे. मूळ नाव कोंढाणा. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन तो जिंकला. गडाची उंची सुमारे १,३०० मीटर. पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही घेऊन बसणारे नेहमीचे लोक उत्तरेच्या कड्याकडची जागा पसंत करतात. पावसाळा सरला आणि धुके विरले की तिथून खडकवासल्याचा जलाशय आरशासारखा दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, खाली मैदानात पुणे. धरण आणि पेठा यांच्यात अंतर किती थोडे आहे ते नकाशापेक्षा इथे लवकर कळते. सूर्य मावळल्यावर शहराचे दिवे लागू लागतात आणि पुढच्या अर्ध्या तासात पर्वतीची काळी आकृती त्यांत विरघळून जाते.