पडदा पिवळा पडला की

संगणकाचा इतिहास सांगताना लोक प्रोसेसरबद्दल भरभरून बोलतात, मॉनिटरचं नावही निघत नाही. माझं घर पुण्यात मॉनिटर दुरुस्तीवर चाललं, त्यामुळे मला हे खटकतं. आमच्या धंद्याचं मूळ काचेच्या नळीत आहे. जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ती बनवली आणि पुढची शंभर वर्षं पडदा म्हणजे हीच नळी.

आयबीएमनं १९८७ मध्ये व्हीजीए आणलं आणि आमचं काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. त्याआधी सीजीए, ईजीए अशी ग्राफिक्स कार्डं होती आणि कार्डाला जुळेल असाच मॉनिटर शोधावा लागे. व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या प्लगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला स्वतंत्र तार होती. आमची निम्मी विद्या त्या तीन तारांवर उभी होती.

नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्या ताईंचा ऐन दिवाळी अंकाच्या घाईत फोन यायचा, "दादा, स्क्रीन पिवळा पडलाय हो!" पिवळा म्हणजे निळा गेला. गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवा गेला, निळसर-हिरवा दिसला तर लाल. मी फोनवरच सांगायचो, "ताई, मशीन बंद करा, केबल काढा. पाच पिनांच्या वरच्या ओळीतली मधली वाकलीय का बघा. मधल्या ओळीत एखादी पिन नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलींना ती मुळातच नसते." पुष्कळदा काम तिथंच व्हायचं. कोपऱ्यात रंगाचे डाग पडले असतील तर आधी स्पीकर लांब सरकवायला सांगायचं, मग पडद्याचं चुंबकत्व घालवणारं डीगॉसचं बटण.

केबल धड असेल तर झाकण उघडायचं. रंगीत नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागत आणि प्लग काढला तरी तिच्यातला चार्ज टिकून राही. स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक अर्थला लावायचं, एक हात खिशात ठेवायचा आणि पातं हलकेच नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. चट् असा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. पोरांना मी हे सगळ्यात आधी शिकवलं. नळीच्या मानेवरच्या बोर्डावर ड्राय सोल्डर सापडला तर कावियानं दोन मिनिटांत निळा परत येई. ईएचटी, म्हणजे नळीला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेला असेल तर तपकीर गल्ली पालथी घालायची, तिथंही नसेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

एलसीडी आले आणि हे सगळं थांबलं. आता पॅनेल गेलं की मॉनिटरच बदलतात.

माळ्यावर जुना मॉनिटर पडून असेल तर कृपा करून भंगारात घालू नका. तांब्यासाठी नळी फोडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. अधिकृत केंद्रातच द्या. आणि तो अजून चालत असेल, तर एखाद्या शिकणाऱ्या मुलाला एकदा लावून दाखवा.