दोन ओळींमधली जागा

पिनर हे लंडनच्या वायव्य टोकाचे उपनगर. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी इथे १८८५ पासून येते. शनिवारी सकाळी आजूबाजूच्या चार-पाच घरची मराठी मुले आमच्याकडे जमतात आणि मराठी वाचतात. वर्ग म्हणावा असे काही नाही. कोणीतरी पोहे आणते, मी एखादे पान टाइप करून छापतो, एवढेच.

परवा बैलपोळ्यावरचे पान होते. आठ वर्षांची एक मुलगी अडखळत वाचू लागली, "बेलपोळा." मी म्हणालो, "बेल नाही गं, बैल. नीट बघ." तिने नीट बघितले आणि पुन्हा बेलच वाचले. वर कारणही सांगितले, "काका, बैलाच्या गळ्यात बेल असते ना, म्हणून." सगळे हसले. मीही हसलो. ती मात्र गप्प झाली आणि त्या दिवशी पुढे काही वाचेना.

रात्री तो कागद हातात घेतला आणि मला माझीच लाज वाटली. ब वरच्या दोन मात्रा वरून कापल्या गेल्या होत्या. जे ठिपक्याएवढे उरले होते त्याला कोणीही एक मात्रा म्हटले असते. मजकूर एका पानात बसावा म्हणून मी वर्डमध्ये ओळींमधले अंतर "एक्झॅक्टली" करून १४ पॉइंटवर आणले होते. इंग्रजी मजकुराला मी नेहमी तेच करतो. तुम्हाआम्हाला ते पान वाचता आले असते, कारण आपण बैलपोळा हा शब्द आधी ओळखतो आणि मग अक्षरे बघतो. त्या मुलीकडे फक्त अक्षरे होती. तिने कागदावर जे होते तेच वाचले.

तेव्हापासून ही दोन ओळींमधली जागा डोक्यातून जाईना. तिचा इतिहास शोधायला बसलो तर तो आपल्या लिपीच्या छपाईचाच इतिहास निघाला.

इंग्रजीत या जागेला लेडिंग म्हणतात. लेड म्हणजे शिसे. खिळे जुळवून छापायच्या काळात दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव आले. १० पॉइंटच्या खिळ्यांमध्ये २ पॉइंटची पट्टी घातली की ओळीला १२ पॉइंट जागा मिळते. पट्टी नाही घातली तरी रोमन लिपीचे फारसे बिघडत नाही. तिची अक्षरे एका खिळ्याच्या उंचीत मावतात आणि डोक्यावर फारसे काही घेत नाहीत.

आपले तसे नाही. देवनागरीची ओळ तीन मजली. मध्ये शिरोरेषेला लटकलेले अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे. "खट्टू" लिहिताना ट खाली ट आणि त्याखाली दीर्घ उकार येतो. त्याच्या बरोबर खालच्या ओळीत "सर्वांनी" आला की वरच्या उकाराची शेपटी खालच्या रफारात आणि अनुस्वारात अडकते.

हाताने लिहिणाऱ्याला याची चिंता नव्हती. मोडी लिहिणारा कारकून तर आधी पानभर आडव्या रेघा ओढायचा आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जायचा. म्हणजे ओळींमधले अंतर पहिले अक्षर लिहिण्याआधीच ठरलेले. पोथी लिहिणाराही पुढचा उकार येताना दिसला की हात जरा आवरता घेई. शिशाच्या खिळ्याला हात आवरता येत नाही.

ही अडचण सोडवायचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडमध्येच झाला, आणि तो माझ्यासारख्या इंजिनियरला फार जवळचा वाटतो. चार्ल्स विल्किन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १७७८ साली हुगळीला हॅलहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले, त्याचे बंगाली खिळे त्याने पंचानन कर्मकार या कारागिराच्या मदतीने केले होते. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने घरीच पोलाद कोरून देवनागरीचे ठसे केले, साचे केले, खिळे ओतले आणि संस्कृत व्याकरण छापायला घेतले. मग घराला आग लागली. ठसे बहुतेक वाचले, पण काम थांबले. कंपनीने १८०६ साली हर्टफर्डला कॉलेज काढले, तिथल्या विद्यार्थ्यांना पुस्तक हवे होते, म्हणून १८०८ साली ते व्याकरण लंडनमध्ये छापून निघाले.

इकडे पंचानन श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात गेला होता. केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत निघाले आणि १८१० साली त्याचा मराठी कोश मोडीत. केरीला या कामी वैजनाथ पंडितांची मदत होती. म्हणजे आपल्या भाषेचे हे व्याकरण आणि हा कोश बंगालमध्ये छापले गेले, हे गंमतीचे आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. दगडावर लेखकाच्या हातचे अक्षर जसेच्या तसे उतरते, त्यामुळे मात्रा कुठे बसवायच्या हा प्रश्नच नाही. खिळ्यांनी छापायचे तर दोन वाटा होत्या. एक म्हणजे अक्षर आणि मात्रा वेगळ्या ओतायच्या आणि जुळवताना एकमेकांवर बसवायच्या. यात खिळे कमी लागतात, पण एक ओळ जुळवणे म्हणजे जवळजवळ तीन ओळी जुळवणे. दुसरी वाट म्हणजे मात्रेसकट अख्खे अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचे. यात जुळवणी सोपी, पण खिळ्यांचे प्रकार कितीतरी वाढतात. इंग्रजीचा कंपोझिटर दोन पेट्यांपुढे उभा राहतो, आपल्याला काहीशे घरांच्या पेट्या लागत.

या कामात नाव काढले ते जावजी दादाजींनी. लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायच्या कामापासून सुरुवात केलेल्या या माणसाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे ते खिळे भारतभर वाखाणले गेले. निर्णयसागरचे एखादे जुने संस्कृत पुस्तक घरात असेल तर काढून बघा. अक्षर ठसठशीत, आणि उकार खालच्या मात्रेला लागत नाही. ही जागा कोणीतरी डोळ्यात तेल घालून सोडलेली आहे.

परिच्छेदाचीही गोष्ट अशीच. पोथीत परिच्छेद नसतो. दंड येतो, कुठे गेरूचा रंग दिसतो, बाकी मजकूर सलग. मोडीत तर शब्दही सलग. गद्य छापायला लागल्यावर शब्द सुटे झाले, मेजर कँडीच्या खटपटीने विरामचिन्हे आली आणि नवा मुद्दा नव्या ओळीवर सुरू करायची सवय लागली. आज आपण सहज एंटर मारतो, ती सवय मराठीत दोनशे वर्षांचीही नाही.

नंतर टाइपरायटर आला. इंग्रजी टाइपरायटरची साधी ओळ म्हणजे एका इंचात सहा ओळी, म्हणजे १२ पॉइंट. रूळ एका खाचेऐवजी दोन खाचा फिरवला की "डबल स्पेस". तपासणाऱ्याला दोन ओळींच्या मध्ये पेनाने दुरुस्ती लिहिता यावी म्हणून ही पद्धत पडली. माझा प्रबंध मी इथे संगणकावर लिहिला, पण नियमाप्रमाणे ओळी मोकळ्या सोडल्या. परीक्षकांनी त्या जागेत एक अक्षर लिहिले नाही.

वर्डमधले "सिंगल", "दीड" आणि "डबल" हे शब्द त्याच यंत्राचे. पण त्यांचा अर्थ बदलला आहे, आणि आपला घोटाळा तिथेच होतो. वर्डमध्ये सिंगल म्हणजे १२ पॉइंट नव्हे. फाँट बनवणाऱ्याने त्याच्या आत लिहून ठेवलेली उंची म्हणजे सिंगल. टाइम्स न्यू रोमन १२ पॉइंटला घेतला तर ती १३.८ पॉइंट भरते. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फाँट र. कृ. जोशींनी केला. जोशी आयआयटी मुंबईत शिकवत आणि भारतीय लिप्यांचे जाणते सुलेखनकार होते. त्यांनी वर रफार-अनुस्वाराला आणि खाली जोडाक्षरांना पुरेल अशी ऐसपैस उंची ठेवली. म्हणून इंग्रजी मजकुरात एक मराठी शब्द मंगलमध्ये टाइप केला की तेवढीच ओळ फुगते, कारण ओळीची उंची त्यातल्या सर्वात उंच फाँटवर ठरते. आपण वैतागून म्हणतो, मराठी फाँट बिघडला आहे. फाँट बिघडलेला नसतो, तो मात्रेची जागा राखत असतो.

तेव्हा गावाकडच्या मित्रमैत्रिणींनो, अहवाल, पत्रिका, स्मरणिका करताना एवढे करा. ओळ फुगली तर "एक्झॅक्टली" वापरू नका, मात्रा कापल्या जातात. "मल्टिपल" घेऊन ०.९ किंवा ०.८५ करून बघा, नाहीतर कमी उंचीचा फाँट घ्या. दोन परिच्छेदांमध्ये रिकामे एंटर मारण्यापेक्षा "स्पेसिंग आफ्टर"मध्ये ६ किंवा ८ पॉइंट द्या. वर्ड २००७ पासून कोऱ्या पानावर परिच्छेदानंतर जागा आपोआप सुटते, तिथे वर एंटरही मारला तर पान उगाच विरळ दिसते. आणि छापण्याआधी रफार, अनुस्वार आणि ऐकार असलेले चार शब्द मोठे करून बघा. लहान मुलांसाठी किंवा आजी-आजोबांसाठी असेल तर कागद वाचवू नका.

आमच्या पिनरमध्ये १९०८ ते १९१८ या काळात हीथ रॉबिन्सन नावाचा चित्रकार राहत होता. दोऱ्या, कप्प्या आणि गाठी बांधून भलतेच सोपे काम करणारी अचाट यंत्रे तो काढायचा. इतकी, की इंग्रजीत अशा खटाटोपाला त्याचेच नाव पडले. त्याचे संग्रहालय २०१६ पासून इथल्या बागेत आहे. रोमनच्या मापाने बेतलेल्या यंत्रात देवनागरी कोंबण्याचे आपले दोनशे वर्षांचे प्रयोग बघितले की मला ती चित्रे आठवतात. फरक एवढाच की विल्किन्स, जावजी आणि जोशी यांनी गाठी मारताना मात्रा कापली नाही. ती मी कापली.

पुढच्या शनिवारी तेच पान दोन पानांवर छापून नेले. त्या मुलीला सांगितले की गेल्या वेळी चूक तिची नव्हती, माझी होती. तिने जुने आणि नवे पान शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग दोन्ही मात्रांवर बोट ठेवून म्हणाली, "बैल." आणि पान शेवटपर्यंत वाचले.