कोरियाचा राजपुत्र आणि कोकणातला तोतया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या घरात हजार वर्षं मागे जायची वेळ होते. भाची मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ओटा पुसता पुसता एक डोळा तिकडे ठेवते. खिडकीबाहेर न्हावा शेवा बंदरातल्या क्रेनचे दिवे लागलेले असतात आणि आत हिंदीत बोलणारे कोरियन राजपुत्र तलवारी परजत असतात. सुरुवातीला मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. आठवड्याभरात ते खाली आलं. दुसऱ्या आठवड्यात मीच विचारू लागलो, ‘‘काल पुढे काय झालं गं तिचं?’’

ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली २०१६ सालची, ‘मून लव्हर्स : स्कार्लेट हार्ट र्यो’. आजच्या काळातली एक तरुणी खग्रास सूर्यग्रहण चालू असताना पाण्यात बुडते आणि डोळे उघडते ती इसवी सन ९४१ मध्ये, एका वेगळ्याच मुलीच्या देहात. तिथे वांग सो नावाच्या चौथ्या राजपुत्राशी तिचा जीव जडतो. हाच पुढे ग्वांगजोंग नावाचा राजा होणार आणि रक्ताचे पाट वाहवणार, हे तिला ठाऊक असतं. हा राजा कल्पनेतला नव्हे. त्याने ९४९ ते ९७५ या काळात राज्य केलं. अन्यायाने गुलाम झालेल्यांना सोडवण्याचा कायदा त्याने ९५६ मध्ये केला, ९५८ मध्ये राजसेवेसाठी परीक्षा सुरू केल्या, आणि डोईजड सरदारांना ठार मारवलं तेही त्यानेच. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत आटपतं. मालिकेत त्या चार ओळींशेजारी एक मुलगी उभी असते. ती घाबरते, पण पळून जात नाही.

दुसरी गोष्ट २०१२ सालची, ‘क्वीन इनह्यून्स मॅन’. इथे प्रवास उलटा आहे. १६९४ मधला एक विद्वान तरुण एका ताईताच्या बळावर थेट आजच्या सोल शहरात येऊन पडतो. पडतो कुठे, तर एका ऐतिहासिक मालिकेच्या चित्रीकरणात! पदच्युत झालेल्या ज्या राणी इनह्यूनची बाजू घेऊन तो तिकडे जीव धोक्यात घालत असतो, त्याच राणीची भूमिका करणारी नटी त्याच्यासमोर उभी असते. ती खरीखुरी राणी १६८९ मध्ये पदावरून दूर झाली होती आणि १६९४ मध्ये पुन्हा राणी झाली. बाकीचं सगळं प्रेमाचं आणि कल्पनेचं.

आता प्रश्न असा की, हे पाहताना आमची भाची का रडते? तिला कोरियाचा इतिहास माहीत नाही. ग्वांगजोंग कोण, याच्याशी उरणच्या मुलीला काय देणंघेणं? मला वाटतं, या गोष्टींची ओढ राजवाड्यात नाही, रेशमी कपड्यांतही नाही. इतिहासात काय घडलं ते लिहून ठेवलेलं आहे, ते पुसता येत नाही, आणि तरी त्यात आपल्या माणसासाठी बोटभर जागा सापडेल का, अशी ती धडपड आहे.

कोरियात लिहून ठेवण्याचं महत्त्वही तसंच होतं. जोसन राजघराण्याचे वृत्तान्त १३९२ ते १८६३ अशा ४७२ वर्षांचे, २५ राजांचे आहेत. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांची जगाच्या स्मृतिठेव्यात नोंद केली. दरबारी लेखकांच्या या नोंदी वाचण्याची राजालाही मुभा नसे. १४०४ मध्ये राजा तेजोंग शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडला. उठल्याबरोबर तो म्हणाला, हे लेखकाला कळू देऊ नका. लेखकाने राजा पडल्याचं तर लिहिलंच, पण राजाने कळू देऊ नका म्हटल्याचंही लिहून ठेवलं! जिथे नोंद इतकी कडक, तिथे नोंदीबाहेरच्या प्रेमाची गोष्ट रंगणारच.

आपल्याकडे काळाची अशी उलटसुलट ये-जा कुणी लिहिली का? लिहिली, आणि तीही एका शास्त्रज्ञाने. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून जाते, ते वाचतात आणि पुढचा हिंदुस्थान निराळा घडतो. फार चतुर कथा आहे. पण तिच्यात गंगाधरपंत ग्रंथालयात जातात, पुस्तकं धुंडाळतात. विश्वासराव वाचले म्हणून कुणाच्या घरी दिवा लागला, हे पाहायला ते जात नाहीत. तो त्या कथेचा दोष नव्हे, तो तिचा विषयच नव्हे. आपण मराठी माणसं पानिपताकडे बहुधा लढाई म्हणूनच पाहतो.

पण याच पानिपतातून कोरियन मालिकेला लाजवील अशी एक गोष्ट खरोखर घडली, आणि तिचा शेवट आमच्या या रायगडच्या किनाऱ्यावर झाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. नंतर मस्तक नसलेलं एक धड भाऊंचं म्हणून ओळखण्यात आलं, पण शंका उरली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या जिवानिशी परतल्या. भाऊ गेले, हे त्यांनी मान्य केलं नाही. कपाळाचं कुंकू तसंच राहिलं.

काही वर्षांनी एक माणूस प्रकटला आणि म्हणू लागला, मी भाऊ. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी झाली, तो खोटा ठरला, कैदेत पडला. शेवटी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं. १७७६ मध्ये तिथला अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. बघता बघता हजारो माणसं त्याच्यामागे गेली. कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. तो बोरघाटाच्या रोखाने निघाला. राजमाचीपाशी महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याचा मोड केला. मग तो समुद्रमार्गे मुंबईकडे पळू लागला, तेव्हा अलिबागजवळच्या कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडलं. पुण्यात नेऊन त्याला त्याच वर्षी देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी पुढे यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

हजारो माणसं एका तोतयामागे का गेली? ती सगळी मूर्ख होती का? जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झालेला. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. साष्टी इंग्रजांनी घेतलेली. आज ज्याला आपण उरण म्हणतो ते करंजा बेट आणि समोरची घारापुरी, दोन्ही याच धामधुमीत हातची गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडेच राहिली. अशा वेळी कुणी सांगितलं की, गेलेला कर्ता पुरुष परत आला आहे, तर कान टवकारणारच. पंधरा वर्षांचं अंतर एका उडीत कापून आलेला माणूस लोकांना हवाच होता. नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते, तिथून वाचून आले होते. त्यांना नोंद ठाऊक होती. लोकांना नोंद नको होती, भाऊ हवे होते.

हे मला पुस्तकांतून कळण्याआधी नानीमुळे कळलं होतं. माझे थोरले मामा बोटीवर खलाशी होते. मी लहान असताना ते गेले ते परतलेच नाहीत. कंपनीचं पत्र आलं, त्यात तारीख होती, समुद्राचं नाव होतं. आजोबांनी ते पत्र कुराणाच्या रेहलीखाली ठेवलं आणि फातिहा पढवली. नानीने मात्र मोरा बंदरावर जाणं सोडलं नाही. भाऊच्या धक्क्यावरून येणारी शेवटची लाँच लागायची, उतारू संपायचे, मग ती माझा हात धरून घरी निघायची. मी कॉलेजात गेल्यावर एकदा शहाणपणाने तिला म्हणालो, ‘‘नानी, उद्या कुणी खोटाच माणूस येऊन म्हणाला, मी तुझा मुलगा, तर?’’ ती म्हणाली, ‘‘आधी जेवायला वाढीन. मग विचारीन.’’

बी.ए.ला इतिहास शिकलेला मी गप्प बसलो. तोतयामागे गेलेल्या लोकांचं यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पण एक फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. तोतयाच्या बंडात माणसं मेली. लोकांच्या ओढीचा कुणीतरी फौजेसारखा उपयोग करून घेतला. गेलेला सुवर्णकाळ परत आणतो म्हणणारे तेव्हाच होते असं नाही, प्रत्येक काळात असतात. ते नोंदीवर तुटून पडतात, कारण नोंद त्यांना खोटं पाडते. चांगली मालिका असं करत नाही. ‘मून लव्हर्स’मधली ती मुलगी शेवटी आजच्या काळात परत येते, एका प्रदर्शनात जुनी चित्रं पाहते आणि तिथेच रडते. राजा इतिहासात होता तिथेच राहतो. नोंद शाबूत आणि दुःखही शाबूत. म्हणून या मालिका मला निव्वळ पळवाट वाटत नाहीत.

आमच्या या भागाला हे जास्त कळावं. न्हावा शेवा म्हणून जगाच्या नकाशावर जे बंदर आहे, ते १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी मूळ शेवा गाव उठलं. त्याचं नवीन शेवा झालं आणि हनुमान कोळीवाडा झाला. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले. आता तर २०२४ पासून शिवडीहून अटल सेतूने माणूस काही मिनिटांत इकडे येतो. पण जुन्या शेव्यात जायला कोणताही पूल नाही.

त्या गावातून उठून आलेल्या एका आजींना मी या मालिकांबद्दल सांगत होतो. विचारलं, ‘‘आजी, तुम्हाला असं मागे जायला मिळालं तर काय कराल? गाव वाचवाल?’’ त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ‘‘मी काय वाचवनार? वट्यावर बसन, भरती बगन. दुसरा काय?’’

घरी येऊन भाचीला हे सांगितलं. तिने मालिका थांबवली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘‘मामू, नानीच्या त्या मुलाचं नाव काय होतं?’’ इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. मग त्या रात्री मालिका राहूनच गेली.